टायमिंग बेल्ट तुटला. इंजिनाचं किती नुकसान झालं हे कसं ओळखतात?

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. अशा रस्त्यावर एखादी जुनी डिझेल कार चालता चालता एकदम बंद पडली, की मदतीला आलेला माणूस हमखास म्हणतो, "ट्रॅक्टरला बांधा, गिअरमध्ये टाकून ओढा, होईल चालू." बॅटरी उतरली असेल तर हा उपाय ठीक. टायमिंग बेल्ट तुटला असेल, तर वाचू शकलं असतं असं इंजिन याच उपायानं कायमचं जाऊ शकतं.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वरखाली करते आणि वर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडते-मिटते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी, हा मेळ टायमिंग बेल्ट राखतो. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते. टाटा इंडिकाच्या 1.4 लिटर डिझेल इंजिनात बेल्ट होता, तर स्विफ्टच्या 1.3 लिटर डिझेलमध्ये चेन. आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरवर कळतं.

बेल्ट तुटताच कॅम जागच्या जागी थांबते. त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे असतील ते उघडेच राहतात. गाडी मात्र वेगात असते, त्यामुळे चाकं क्रँकला फिरवत राहतात आणि पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. काही पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते, तिथे फक्त बेल्ट बदलून भागतं. डिझेलमध्ये हवा फार दाबायची असते, म्हणून पिस्टन वर आल्यावर जागाच उरत नाही. तिथे व्हॉल्व्ह वाकल्याचं गृहीत धरूनच तपासणी सुरू करावी.

विहिरीवरचं जुनं ऑईल इंजिन हँडल मारून चालू केलेल्यांना एक गोष्ट आठवेल. आधी व्हॉल्व्ह किंचित उघडा धरणारा खटका लावायचा, म्हणजे हँडल हलकं फिरतं. खटका सोडला की दाब तयार होतो आणि इंजिन धरतं. बेल्ट तुटलेल्या कारचा स्टार्टर तसाच हलका, भरभर फिरतो, कारण काही व्हॉल्व्ह उघडे अडकलेले असतात. हा आवाज एकदा ऐकला की किल्ली सोडून द्यायची. त्यातून बेल्ट गेल्याचा संशय पक्का होतो, पण व्हॉल्व्ह वाकले की वाचले हे कळत नाही. ते कळावं म्हणून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणं म्हणजे पिस्टनला आणखी ठोके मारायला लावणं. गाडी ओढायचीच असेल तर न्यूट्रलमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर सरळ टेम्पोवर चढवा.

गॅरेजमध्ये आधी वरचं कव्हर उघडतात. बेल्ट तुटलेला किंवा दाते सोललेला दिसतो. मग क्रँक पाव फेरी मागे घेऊन सगळे पिस्टन मधल्या उंचीवर आणतात, कॅम खुणेवर लावतात, त्यानंतर क्रँक खुणेवर आणून बेल्ट चढवतात. आता पान्यानं, हातानं, क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, हेड काढायचं.

फेऱ्या विनाअडथळा झाल्या म्हणून सुटलो असं नाही. वाकलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेतून बाजूला गेलेला असू शकतो. खरी परीक्षा हवेची. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील अशा स्थितीत एकेका सिलिंडरमध्ये ग्लो प्लगच्या किंवा स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि कान लावतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. एअर फिल्टरकडून आली तर इनटेक. ऑईलच्या झाकणातून थोडी हवा येणं चालतं, जोरात आली तर पिस्टन किंवा रिंगा बघाव्या लागतात. याच भोकातून बारीक कॅमेरा घातला तर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे वळ दिसतात.

"नवा बेल्ट टाकू, चालू करून बघू" असं कुणी म्हटलं तर आधी ही हवेची तपासणी मागा, असं माझं स्पष्ट मत आहे. किंचित वाकलेल्या व्हॉल्व्हवरही इंजिन थरथरत चालू होतं. पुढे त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टन, हेड, कधी ब्लॉकही जातो.

गळती फक्त व्हॉल्व्हची असेल तर काम बहुतेक हेडपुरतं राहतं. हेड वर्कशॉपला जातं, तिथे व्हॉल्व्ह, गाईड, रॉकर आणि कॅम तपासतात. हेड उघडल्यावर पिस्टनवर नुसते वळ असतील तर सहसा चालतं. खड्डा किंवा चीर असेल, किंवा वर आल्यावर एखादा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहत असेल, तर पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड खराब झालाय. मग खालचं इंजिनही उघडावं लागतं.

काढलेले व्हॉल्व्ह मागून घ्या आणि सपाट काचेवर गडगडवून बघा, वाकलेला लगेच डुगडुगतो. आणि बेल्ट का तुटला हेही विचारा. टेन्शनरची किंवा वॉटर पंपाची बेअरिंग जाम झाली असेल, सीलमधून ऑईल गळून बेल्टवर आलं असेल, आणि ते तसंच ठेवून नवा बेल्ट चढवला असेल, तर तोही फार दिवस टिकणार नाही.