छात्राध्यापक आणि क्यूआर कोड

धाराशिव जिल्ह्यातील छात्राध्यापक सराव पाठासाठी खेड्यातील शाळेत जातो, तेव्हा पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड त्याच्यासमोर असतोच. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी अशा कोडचा वापर केला. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावरील पाठ या कोडद्वारे उघडतात. परंतु त्यासाठी मोबाइल लागतो, आणि अनेक घरांत तो वडिलांबरोबर शेतावर गेलेला असतो. वीज गेली की वर्गातील पडदाही काळा पडतो. म्हणून छात्राध्यापकाने पाठ आदल्या दिवशीच उतरवून घ्यावा, चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत, आणि तोच घटक खडू-फळ्यानेही शिकविता येईल अशी तयारी ठेवावी. क्षेत्रफळाची आकृती पडद्यावर दाखवावी. अंगणाचे मोजमाप मात्र मुलांनीच दोरी धरून करावे.

२०१८ मध्ये तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट झाला. त्या मूल्यमापनात शिक्षणास ३० टक्के भार देण्यात आला. हा भार केवळ यंत्रे मोजून पेलणारा नाही. शाळेची वीज अखंड राहील हे ग्रामपंचायतीने पाहावे; मूल विचार करू लागले की नाही, हे शिक्षकाने पाहावे.