राक्षस काढले, बंकर बसवले

‘डूम’ या गेममध्ये खेळणाऱ्याला वर किंवा खाली बघता येत नसे. मान ताठ, नजर समोर. शत्रू उंच कठड्यावर उभा असला तरी बंदूक समोर धरूनच चाप ओढायचा. गोळी आपली आपण वर जायची. ओणवं होता येत नसे, पालथं पडून सरपटता येत नसे. एका खोलीच्या माथ्यावर दुसरी खोलीही असू शकत नसे, म्हणजे दुमजली घराचा प्रश्नच मिटला. आडोसा धर, खाली पड, वरच्या खिडकीवर लक्ष ठेव, हे पायदळात सुरुवातीलाच घोटून घेतलं जातं. यातलं काहीही या गेमला जमत नव्हतं. तरीही १९९६ साली अमेरिकेच्या मरीन कोअरमधल्या दोघांनी पायदळाच्या सरावासाठी उचलला तो हाच गेम. आणि त्यांचं फारसं चुकलं नाही.

तेव्हाचे मरीन कोअरचे प्रमुख जनरल चार्ल्स क्रुलाक यांना बाजारातले संगणकीय गेम प्रशिक्षणाच्या कामाचे आहेत का, हे तपासून हवं होतं. व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावरच्या एका छोट्या कार्यालयाकडे हे काम आलं. तिथे लेफ्टनंट स्कॉट बार्नेट आणि सार्जंट डॅन स्नायडर होते. सार्जंट म्हणजे आपल्याकडचा हवालदार. हा हुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे.

‘डूम’ हाताशी यायला एक तांत्रिक कारण होतं. १९९३ च्या डिसेंबरात ‘इड सॉफ्टवेअर’ने हा गेम बाजारात आणला, तेव्हा त्यांचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने गेम चालवणारा कोड एका बाजूला ठेवला आणि भिंती, राक्षस, बंदुका, आवाज हे सगळं ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये भरलं. कोडला हात न लावता ही फाइल बदलता येत होती आणि ती लोकांनी बदलावी अशीच कंपनीची इच्छा होती. गेम इंजिन म्हणतात ते हेच: हालचाल, प्रकाश, टक्कर, नेटवर्क यांची व्यवस्था तयार मिळते, जग तुम्ही आपलं भरायचं. हौशी पोरांनी तोवर शेकडो नकाशे करून टाकले होते, आणि त्यासाठी लागणारी साधनं फुकट मिळत होती.

स्नायडरने ‘डूम २’ घेतला. राक्षस काढले, त्यांच्या जागी शत्रुसैनिक आणले. त्यांची चित्रं त्याने खेळण्यातल्या सैनिक-बाहुल्या स्कॅन करून बनवली. प्लाझ्मा बंदूक गेली, एम-१६ रायफल आली, एम-२४९ हलकी मशीनगन आली, हातबॉम्ब आले. गेममधले मूळ बोगदे जाऊन खंदक, काटेरी तारा आणि बंकर आले. आपल्याच माणसाला गोळी लागण्याची सोय मात्र मुद्दाम ठेवली.

आता एक योगायोग. ‘डूम’ नेटवर्कवर एकावेळी जास्तीत जास्त चौघांना खेळता येत असे, आणि मरीन पायदळाची सर्वांत लहान तुकडी, फायर टीम, चारच जणांची असते. चार संगणक, चार जवान, एक तुकडीनायक. दोघांनी गोळीबार करून शत्रूला दाबून धरायचं, दोघांनी पुढे सरकायचं, मग अदलाबदल. एकटा शूरवीर पुढे धावला की तो मरतो, आणि बहुतेक वेळा मागच्याची गोळी लागून मरतो. नेम धरायला या गेमने कुणालाच शिकवलं नाही. तो तसा शिकवूच शकत नव्हता. ‘मी निघालो, तू सांभाळ’ हे वेळेवर ओरडून सांगायला त्याने शिकवलं. नजर वर जात नाही हे वैगुण्य त्या कामात आड येत नव्हतं.

१९९७ साली क्रुलाक यांनी १५००.५५ क्रमांकाचा आदेश काढला आणि निर्णयक्षमता वाढवायला अशा गेमचा वापर करावा असं लेखी सांगितलं. सरकारी संगणकावर गेम खेळायला दलप्रमुखांचं अधिकृत उत्तेजन! कचेरीत पत्त्यांचा डाव मांडून बसणाऱ्यांना हेवा वाटावा असंच हे.

लष्कराने गेमवाल्यांचा दरवाजा ठोठावला तो काही तेव्हा पहिल्यांदा नाही. अटारीचा ‘बॅटलझोन’ १९८० साली आला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन लष्करासाठी त्याचं ‘ब्रॅडली ट्रेनर’ हे रूप तयार झालं, पण त्याची दोनच यंत्रं बनली. पुढे ‘सिमनेट’ हे रणगाड्यांच्या सिम्युलेटरचं मोठं जाळं उभं राहिलं. ते होतं उत्तम, पण त्यासाठी खास यंत्रं, खास इमारती, खास कंत्राटदार लागत. त्यात रणगाड्यांची सोय झाली; पायी चालणारा शिपाई बाहेरच राहिला.

त्याची खरी सोय प्रागमध्ये झाली. मारेक आणि ओंद्रेय श्पानेल या भावांच्या ‘बोहेमिया इंटरॅक्टिव्ह’ने २००१ साली ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ काढला. एरवीचे बंदूकबाजीचे गेम खोल्याखोल्यांतून पळायचे. हा मैलोन्‌मैल उघड्या माळावर चालायचा. दूरवर एक ठिपका हलतो, तो झाड की माणूस ते कळेपर्यंत एकच गोळी येते आणि खेळ संपतो. बऱ्याच वेळा गोळी कुठून आली हेही कळत नाही. गेमरांपैकी पुष्कळजण वैतागले. लष्करी माणसांना मात्र हे ओळखीचं वाटलं.

त्याच इंजिनावर ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’ हे सैन्यांसाठीचं सॉफ्टवेअर बनलं. अमेरिकेची मरीन कोअर आणि ऑस्ट्रेलियाचं संरक्षण दल ही सुरुवातीची गिऱ्हाइकं. दुसरी आवृत्ती २००७ साली आली, ती ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयानेही घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकन लष्कराने. सरावाची खोली एखाद्या संगणक-वर्गासारखीच असते: रांगेने पडदे, कानावर हेडफोन, बोलणं रेडिओच्या शिस्तीत. फरक आहे तो मागे बसलेल्या शिक्षकात. चालू सरावातच तो रस्त्यात बिघडलेली गाडी उभी करतो, गावकऱ्यांचा घोळका आणतो, नाहीतर एखाद्याला जखमी करून टाकतो. सराव संपला की सगळा प्रसंग पुन्हा चालवून दाखवतात, हव्या त्या कोपऱ्यातून, हव्या त्या क्षणी थांबवून. ‘मी डावीकडे पाहत होतो’ ही सबब तिथे टिकत नाही, कारण तुम्ही कुठे पाहत होतात ते पडद्यावरच असतं. माझ्या मते या साऱ्या उद्योगातला सर्वांत मोलाचा भाग सरावानंतरच्या या चर्चेचा अर्धा-पाऊण तास आहे.

इराकमध्ये रस्त्याकडेला स्फोटकं पेरून ताफे उडवले जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे ‘डार्पा’ने, ‘फ्लॅशपॉइंट’वरच ‘डारवॉर्स अँबुश’ हा ताफ्यांचा सराव बांधून घेतला. शत्रूची युक्ती बदलत राहायची. नवा प्रसंग कंत्राटदाराकडून करून घ्यायचा तर तोवर ती युक्ती जुनी व्हायची. इथे पलटणीतली माणसं एडिटर उघडून स्वतःच प्रसंग बदलू शकत होती. जे क्वांटिकोत एका सार्जंटने केलं, तेच इथे पुन्हा झालं.

याच्या उलटचं उदाहरण ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या, लष्कराच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने आणि ‘पँडेमिक’ या स्टुडिओने मिळून हा एक्सबॉक्सवरचा गेम केला. त्यात खेळणारा स्वतः गोळी झाडत नाही, तो दोन फायर टीमना हुकूम देतो. कल्पना चांगली, चित्रं देखणी. २००४ साली तो बाजारात आला आणि गाजलाही, पण लष्करात प्रशिक्षणाचं साधन म्हणून रुजला नाही. तयार डब्यात बंद असलेलं ते युद्ध पलटणीला आपल्या गरजेप्रमाणे बदलता येत नव्हतं. त्याचा उपयोग झाला तो भलतीकडेच: त्यातल्या रस्त्यांची चित्रं घेऊन ‘व्हर्च्युअल इराक’ हा उपचार उभा राहिला, लढाईहून मनाने खचून परतलेल्या सैनिकांसाठी.

पुन्हा ‘बोहेमिया’कडे. त्यांच्या गेममधली बेटं खऱ्या जागांवरून केलेली असतात. ‘आर्मा ३’ या गेमसाठी त्यांनी ग्रीसचं लेमनॉस बेट निवडलं. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांच्या दोन कर्मचाऱ्यांना त्याच बेटावर लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याबद्दल हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. आम्ही सुट्टीवर आलो होतो, असं त्यांचं म्हणणं. जामीन मिळेपर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ ते ग्रीसच्या तुरुंगात होते. पुढे गेममधल्या बेटाचं नाव बदलून ‘अल्टिस’ करण्यात आलं. याच ‘आर्मा ३’मधली दृश्यं सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी अफगाणिस्तानातल्या पंजशीरवरचा पाकिस्तानी हवाई हल्ला म्हणून दाखवली होती. ती गेममधली असल्याचं पुढे उघड झालं.

गेम माणसाला मारायला शिकवतात का, हा वाद या विषयाला चिकटलेला आहे. अमेरिकन लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ साली लिहिलं की दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष चकमकीत जेमतेम चौथा हिस्सा सैनिक गोळी झाडत. निवृत्त अमेरिकन लष्करी अधिकारी डेव्ह ग्रॉसमन यांनी त्यावर पुढचा इमला रचला आणि गेम ही मारण्याची तालीम ठरवली. मार्शल यांच्या आकड्याला आधार सापडत नाही, हे नंतरच्या इतिहासकारांनी दाखवून दिलं, पण आकडा काही मरत नाही. मला वाटतं, धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. पडद्यावरच्या सैनिकाच्या पाठीवर ओझं नसतं, त्याला तहान लागत नाही, आणि गेमच्या झुडपामागे लपता आलं तर खेळणारा खऱ्या झुडपालाही आडोसा समजू लागतो. सिम्युलेटरवाले याला निगेटिव्ह ट्रेनिंग म्हणतात. यावर उपाय मैदानाचाच. पडद्यावर चूक करून घ्यायची आणि मैदानात घाम गाळायचा.

चित्रं जितकी खरी तितकं शिक्षण पक्कं, हा समज महागात पडतो. डोळ्यांवर चढवायच्या, मायक्रोसॉफ्टच्या ‘आयव्हास’ चष्म्यासाठी अमेरिकन लष्कराने २०२१ मध्ये दहा वर्षांत सुमारे २२ अब्ज डॉलरपर्यंत जाणारा करार केला. लढाई आणि सराव, दोन्ही त्यातून होणार होते. चाचण्यांत जवानांचं डोकं दुखलं, मळमळलं. २०२५ मध्ये ते काम ‘अँड्युरिल’ या कंपनीकडे गेलं.

आपल्याकडेही वारं याच दिशेने वाहतं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्याचा आराखडा जाहीर केला, त्यात देशी बनावटीवर भर आहे. हैदराबादची ‘झेन टेक्नॉलॉजीज’ १९९३ पासून, म्हणजे ‘डूम’च्याच वर्षापासून, या धंद्यात आहे. २०२२ मध्ये लष्कराच्या युद्धसराव केंद्रासाठी गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी करार झाला, तेव्हा बातम्यांत ‘मेटाव्हर्स’ हा शब्द झळकला.

अशा बातमीत पडदा किती मोठा, चष्मा कुणाचा, कोटी किती, एवढंच छापून येतं. वाचकांनी आणि खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक विचारावं. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधला किंवा बेळगावच्या मराठा केंद्रातला शिकवणारा हवालदार, कंपनीच्या माणसाला फोन न करता, त्यातला नाला, वस्ती आणि शत्रूची चाल दुपारच्या आत बदलू शकतो का? उत्तर नाही असेल, तर ते यंत्र घेऊ नये.