फिफा ११+

फिफा ११+ हा फुटबॉल खेळाडूंच्या, विशेषतः किशोरवयीन खेळाडूंच्या, दुखापती टाळण्यासाठी तयार केलेला सुमारे २० मिनिटांचा वॉर्मअपचा, म्हणजे सरावापूर्वी करावयाच्या व्यायामांचा, कार्यक्रम आहे. धावणे, स्नायूंची ताकद, तोल आणि उडी मारून योग्य रीतीने जमिनीवर उतरणे यांवर आधारलेले १५ व्यायाम त्यात ठरावीक क्रमाने केले जातात. केवळ अंग तापवणे एवढाच त्याचा हेतू नसून धावताना, वळताना आणि उडीनंतर शरीर सावरण्याची सवय लावणे हा त्याचा मुख्य उद्देश आहे. त्यामुळे त्याचा लाभ एखाद्या दिवसाच्या व्यायामाने मिळत नाही. तो नियमित आणि बिनचूक सरावावर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

फुटबॉलमधील बहुतांश दुखापती कमरेखालच्या भागात होतात. घोटा मुरगळणे, गुडघ्याचे अस्थिबंध ताणले जाणे किंवा तुटणे आणि मांडीच्या व जांघेच्या स्नायूंना इजा होणे हे त्यांतील नेहमीचे प्रकार होत. यांतील अनेक इजा प्रतिस्पर्ध्याच्या धडकेवाचूनही होतात. वेगात धावणारा खेळाडू एकाएकी थांबतो, दिशा बदलतो किंवा एका पायावर उतरतो, त्या क्षणी गुडघा आतल्या बाजूस झुकला, तर सांध्यावर मोठा ताण येतो. गुडघ्याच्या आतील ‘एसीएल’ या नावाने परिचित असलेला अस्थिबंध अशाच वेळी तुटतो. ही इजा झाल्यास खेळाडूला बहुधा अनेक महिने मैदानापासून दूर राहावे लागते आणि पुढील आयुष्यात गुडघ्याच्या संधिवाताचा धोका वाढतो. किशोरवयापासून मुलींमध्ये तिचे प्रमाण त्याच खेळातील मुलांपेक्षा अधिक आढळते.

इतिहास

फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने प्रथम ‘द ११’ नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात दहा व्यायाम होते आणि अकरावा घटक म्हणून खिलाडूवृत्तीचा पुरस्कार केलेला होता. नॉर्वेमध्ये २००५ च्या हंगामात १३ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे २,००० मुलींवर त्याची चाचणी घेण्यात आली. मात्र, व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या संघांतील दुखापतींच्या प्रमाणात फरक दिसला नाही. बऱ्याच संघांनी व्यायाम अपेक्षेइतक्या वेळा केलेच नव्हते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले.

या अनुभवावरून कार्यक्रमाची फेररचना झाली. ऑस्लो येथील क्रीडा-दुखापत संशोधन केंद्र आणि अमेरिकेतील सांता मोनिका येथील क्रीडावैद्यक संशोधन संस्था यांच्या सहकार्याने २००६ मध्ये ‘११+’ आकारास आला. धावण्याच्या व्यायामांची भर घालण्यात आली, जेणेकरून तो वेगळा जादा तास न राहता संपूर्ण वॉर्मअपची जागा घेऊ शकेल. तोचतोचपणा टाळण्यासाठी मधल्या व्यायामांच्या तीन पायऱ्या ठरवण्यात आल्या.

रचना

कार्यक्रमाचे तीन भाग आहेत. मैदानावर ५ ते ६ मीटर अंतरावर शंकूंच्या सहा जोड्या मांडून खेळाडू दोघादोघांनी धावतात.

• पहिला भाग (८ मिनिटे): सावकाश धावण्याचे सहा व्यायाम. सरळ धावणे, गुडघा वर उचलून बाहेरच्या व आतल्या बाजूस फिरवणे, जोडीदाराभोवती फिरणे, उडी मारून खांद्याला खांदा लावणे आणि पुढे-मागे झपाट्याने धावणे.
• दुसरा भाग (१० मिनिटे): ताकद, तोल व उड्या यांचे सहा व्यायाम. कोपर व चवडे टेकून शरीर फळीसारखे सरळ ठेवणे, तसेच एका कुशीवर तोलणे, गुडघ्यांवर उभे राहून शरीर सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकणे, एका पायावर तोल सांभाळणे, बैठका आणि उड्या.
• तिसरा भाग (२ मिनिटे): वेगाने धावण्याचे तीन व्यायाम. मैदानाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत धावणे, लांब झेपा टाकणे आणि पाय रोवून एकदम दिशा बदलणे.

पुढे झुकण्याच्या व्यायामात जोडीदार घोटे घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे मांडीच्या मागील स्नायूंवर भार येतो. नवशिक्याने तो ३ ते ५ वेळा, त्यापुढील पायरीवर ७ ते १० वेळा आणि शेवटच्या पायरीवर १२ ते १५ वेळा करावयाचा असतो. एका पायरीवरील व्यायाम नीट जमू लागल्यावरच पुढच्या पायरीवर जावे, असा नियम आहे.

हा कार्यक्रम आठवड्यातून किमान दोनदा सरावापूर्वी करणे अपेक्षित आहे. सामन्यापूर्वी केवळ धावण्याचे, म्हणजे पहिल्या व तिसऱ्या भागातील, व्यायाम करतात.

प्रशिक्षकाची भूमिका

व्यायामांसाठी चेंडू आणि शंकू यांपलीकडे साहित्य लागत नाही. लागते ते लक्ष. नितंब, गुडघा आणि पायाचा पंजा एका रेषेत आहेत का, उतरताना गुडघे वाकतात का आणि ते आत झुकत तर नाहीत ना, हे प्रशिक्षकाने पाहावयाचे असते. चुकीच्या ढंगाने मारलेल्या पन्नास उड्यांपेक्षा नीट उतरलेल्या पाच उड्या अधिक मोलाच्या ठरतात, कारण घडवायची असते ती सवय.

परिणामकारकता

११+ ची पहिली मोठी चाचणी २००७ च्या हंगामात नॉर्वेमधील १२५ क्लबांत १३ ते १७ वर्षे वयाच्या १,८९२ मुलींवर झाली. व्यायाम करणाऱ्या १,०५५ मुलींपैकी १२१ जणींना, तर नेहमीप्रमाणे सराव करणाऱ्या ८३७ पैकी १४३ जणींना पायाची दुखापत झाली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. तथापि, एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती ४५ टक्क्यांनी कमी आढळल्या. व्यायामांत सातत्य राखणाऱ्या खेळाडूंमध्ये धोका मध्यम सातत्य असणाऱ्यांपेक्षाही कमी होता, असे पुढील विश्लेषणातून दिसले. नायजेरियातील १४ ते १९ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातही एकूण दुखापती ४१ टक्क्यांनी घटल्या.

लहान मुलांसाठी ‘११+ किड्स’ हा वेगळा कार्यक्रम आहे. त्यात सात व्यायाम असून इजा न होता पडावे कसे, हेही शिकवले जाते. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताक येथील ७ ते १२ वर्षांच्या ३,८९५ मुलांच्या चाचणीत एकूण दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्या.

अन्य कार्यक्रम

स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ मुलींवर झालेल्या १५ मिनिटांच्या कार्यक्रमाच्या चाचणीत एसीएल तुटण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले. प्रत्यक्षात व्यायाम करणाऱ्या गटात ७, तर दुसऱ्या गटात १४ मुलींना ही इजा झाली. नॉर्वेतील किशोरवयीन हँडबॉलपटूंच्या अभ्यासात गुडघा व घोटा यांच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आल्या. इंग्लंडमधील शालेय रग्बीसाठीही असाच कार्यक्रम उपयोगात आणला जातो.

मर्यादा

जोराची धडक, उंचसखल मैदान किंवा अपुरी विश्रांती यांमुळे होणाऱ्या इजा केवळ वॉर्मअपने टळत नाहीत. आधीची दुखापत पूर्ण बरी न झालेल्या खेळाडूने वैद्यकीय सल्ल्यावाचून हे व्यायाम करू नयेत. कबड्डी आणि खो-खो या खेळांतही अचानक थांबणे व दिशा बदलणे असतेच. त्यामुळे तोल व ताकद यांचे व्यायाम तेथेही उपयुक्त ठरू शकतात. परंतु वर दिलेली टक्केवारी त्या खेळांना जशीच्या तशी लागू होत नाही. सरावासाठी शाळेत मिळणारा तास लहान असल्यास वॉर्मअप प्रथम वगळला जातो. व्यायाम नियमित झाले नाहीत, तर लाभ दिसत नाही, हे ‘द ११’ च्या पहिल्या चाचणीने दाखवून दिले आहे.