लाड आणि अतिलाड

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे गाव मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. कुंभार चाक फिरविण्यापूर्वी माती तुडवितो, मळतो, तिच्यातील खडे वेचून काढतो. तो तिच्यात पाणी घालतो. परंतु ते बेताचेच. कोरडी माती चाकावर वळत नाही आणि पाणी फार झाले तर भांडे आकार धरीत नाही. लाडांचेही असेच आहे. प्रेमावाचून मूल कोमेजते. पण लाडांना मर्यादा राहिली नाही, तर त्याच्या स्वभावाला आकार येत नाही.

मूल लाडावले म्हणजे नेमके काय झाले? पुष्कळ खेळणी किंवा उंची कपडे मिळाल्यानेच मूल बिघडते, असे नाही. वस्तूमागचे दुसऱ्याचे कष्ट त्याला दिसेनासे होतात, तेव्हा ते बिघडू लागते. आई चुलीपाशी राबली, हे त्याला दिसत नाही. भाजीत मीठ कमी पडले, एवढेच दिसते. 'नाही' हा शब्द त्याला सोसवत नाही. रडले की मिळते, हे एकदा कळले म्हणजे रडणे हेच त्याचे हत्यार होते.

भद्रावतीशेजारच्या वरोरा गावाजवळ आनंदवन आहे. ते उभारणारे बाबा आमटे यांचा जन्म १९१४ साली हिंगणघाट येथे एका श्रीमंत जमीनदाराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी त्यांच्याजवळ स्वतःची बंदूक होती. पुढे मोटारही आली. अशा मुलाने ऐषारामातच आयुष्य घालविले असते, तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु घरच्यांचा विरोध असूनही ते नोकरांच्या मुलांबरोबर खेळत. दुसऱ्यांचे जिणे त्यांच्या दृष्टीआड झाले नाही. वकील झाल्यावर वरोऱ्यात त्यांनी मैला वाहण्याचे काम स्वतः केले. १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि खडकाळ जमिनीवर त्यांच्यासह आनंदवन फुलविले.

मूल लाडावते, हा दोष एकट्या मुलाचा नसतो. वडीलधारेही त्यात वाटेकरी असतात. तथापि आपली खोड ज्याला उमगली, त्याला ती सोडता येते. मुलांनो, आपले ताट कोण उचलते, आपले अंथरूण कोण काढते, याचा विचार करा. जे काम आपल्याला करता येते, ते आजपासून आपणच करावे. ज्याला दुसऱ्याचे कष्ट दिसतात, त्याचे कितीही लाड झाले तरी तो बिघडत नाही.