निगेटिव्हच्या काठावरील नाव

या स्मरणिकेसाठी अँटॉप हिल परिसरातील घराघरांतून जुनी कृष्णधवल छायाचित्रे गोळा करताना काही निगेटिव्हही आमच्या हाती आल्या. छायाचित्रांमागे तारीख नव्हती. मात्र निगेटिव्हच्या काठावर ‘ओर्वो’ अशी अक्षरे होती. काळ ठरविण्यास तीच उपयोगी पडली.

जर्मनीतील वोल्फेन येथे ‘आग्फा’चा फिल्म कारखाना १९१० च्या सुमारास सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर देश विभागला गेला. वोल्फेन पूर्व जर्मनीत गेले आणि ‘आग्फा’ हे नाव दोन्हीकडे वापरले जाऊ लागले. अखेर १९६४ मध्ये वोल्फेनने ते सोडून ‘ओरिगिनाल वोल्फेन’ या शब्दांवरून ‘ओर्वो’ हे नाव धारण केले. कारखाना तोच राहिला, ओळख बदलली. ही फिल्म पुढे भारतातही मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. म्हणूनच काठावर ‘ओर्वो’ असलेले छायाचित्र १९६४ पूर्वीचे असू शकत नाही.

काठावर ‘इंदू’ असल्यास ती फिल्म आपल्या देशाची. उटी येथील ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ या सरकारी कारखान्याने १९६७ मध्ये उत्पादन सुरू केले.

निगेटिव्हवरील प्रतिमा म्हणजे जिलेटिनच्या थरातील चांदीचे सूक्ष्म कण होत. मुंबईच्या दमट हवेत या थराला बुरशी लागते. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे, की निगेटिव्ह टाकून देऊ नयेत. कागदी पाकिटात, कोरड्या जागी जपाव्यात. छायाचित्रातील माणसांचा काळ सांगणारा दुसरा साक्षीदार कदाचित उरलेला नसेल.