दोन रजांमधले प्रेम

वासना, आसक्ती आणि अनुबंध अशा तीन निरनिराळ्या शारीर व्यवस्थांच्या संयोगाने प्रेम घडते, असे प्रतिपादन अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांनी केले. आधी ओढ, मग उन्माद आणि सहवासाने निवळत जाणारा स्नेह हा त्यांचा क्रम मात्र आपणच ठरवून टाकला आहे, फिशरबाईंचा तसा आग्रह नव्हता.

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरील चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांनी तर तो क्रम पार उलटापालटा केला. वैशाखात लग्न लागावे, रजेची मुदत संपताच नवऱ्याने मुंबईच्या गिरणगावातल्या गाळ्यात पाळीपाळीने पथारी पसरणाऱ्या गाववाल्यांत परतावे, आणि ज्याचा चेहराही पुरता ओळखीचा झालेला नाही अशा पुरुषाच्या आईबापांचे, गुरांचे नि भातशेतीचे करीत नवरीने गणपतीची वा शिमग्याची वाट पाहावी, ही तिथली वहिवाट.

पिसा विद्यापीठातील डोनाटेला माराझिटी यांनी 1999 साली नुकत्याच प्रेमात पडलेल्या वीस जणांचे रक्त तपासले, तेव्हा सेरोटोनिनची ने-आण करणारी प्रथिने त्यांच्या रक्तबिंबिकांत मंत्रचळाच्या रुग्णांइतकीच कमी भरली. वर्ष-दीड वर्षाने त्यातल्या काहींची पुन्हा तपासणी झाली, तो ती पूर्ववत झालेली होती. उन्मादाची मुदत जर एवढीच, तर चाकरमान्याच्या वाट्याला तिच्यातले सहवासाचे दिवस जेमतेम दोन रजांचे येत.

विरहाचाही प्रयोगशाळेत अभ्यास झाला आहे, पण तो अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील प्रेअरी व्होल या जोडी करून राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यावर. आपल्या जोडीदारापाशी पोहोचण्याची धडपड करताना त्याच्या मेंदूच्या न्यूक्लिअस अक्युम्बन्स या भागात डोपामीन जसे उसळते, तसे परक्या व्होलकडे जाताना उसळत नाही; परंतु चार आठवड्यांची ताटातूट घडविल्यावर हा भेदच मावळला, असे कोलोरॅडो विद्यापीठातील झोई डोनाल्डसन यांच्या प्रयोगशाळेने 2024 साली प्रसिद्ध केले. रानात या प्राण्याला वर्षभराचे आयुष्यही क्वचितच लाभते, तेव्हा त्याचे चार आठवडे नि माणसाचे सहा महिने यांची तुलना सरळ करता येत नाही हे खरे. तरीही माणसापाशी भाषा होती आणि दिमतीला टपाल खाते होते, एवढा फरक मला निर्णायक वाटतो.

मनिऑर्डर सासऱ्याच्या नावाने येई, आणि तिच्या फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती जी बोटभर जागा असे, तीतला मजकूर पोस्टमन ओटीवर सर्वांदेखत वाचून दाखवी: ‘‘घर शाकारलां काय?’’ दाराआड उभ्या असलेल्या सुनेचा त्यात नामनिर्देशही नसे. परंतु ज्या छपराची चौकशी होई त्याच्याखाली तीच राहत होती, आणि असा अनुबंध रसायनापेक्षा समाईक जोखमीवर अधिक पोसला असावा, असे मी मानतो.

बियांका अ‍ॅसेव्हेडो आणि सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सरासरी एकवीस वर्षांच्या संसारानंतरही आपले जोडीदारावर उत्कट प्रेम आहे असे सांगणाऱ्या सतरा जणांच्या मेंदूत, नवप्रेमिकांप्रमाणेच, डोपामीन पुरविणारे मध्यमस्तिष्कातील केंद्र उजळलेले दिसले; नव्या प्रेमातला तगमगीचा भाग मात्र ओसरला होता. चाकरमान्याच्या तितक्याच वर्षांची बेरीज केली, तर एकत्र काढलेला काळ फार तर दोन-तीन वर्षांचा निघेल.

ही वहिवाट मोडली ती संपाने. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले अनेक गावी परतले, आणि ज्या जोडप्यांना रजेपुरतेच एकमेकांचे होण्याची सवय, त्यांच्या नशिबी एकाएकी अखंड सहवास आला, तोही मिळकतीवाचून. पंचविशीत संपावर गेलेला माणूस आता सत्तरीला टेकला आहे. तणावाची खूण असलेले कॉर्टिसॉल लाळेच्या नमुन्यातही मोजता येते, त्याला मेंदूची प्रतिमा काढणाऱ्या यंत्राची नळी लागत नाही. तेव्हा ज्या कोणा संशोधकाला या जोडप्यांचा अभ्यास करायचा असेल, त्याने देवगड-मालवणच्या ओट्या गाठाव्यात, आणि त्यात फारशी दिरंगाई करू नये.