पनवेलचा उंबरा आणि पुण्याचा निवारा

पनवेलच्या आमच्या जुन्या घराला चांगला वीतभर उंच सागवानी उंबरा होता. आई रोज सकाळी त्याच्यापुढे रांगोळी घालायची, हळदकुंकू वाहायची. आणि माझा धाकटा भाऊ त्याच उंबऱ्याला अडखळून पडायचा. तिसऱ्या वर्षी पोलिओने त्याचा डावा पाय नेला होता. पडण्याचा संबंध उंबऱ्याशी जोडावा, असे घरात कुणाच्या डोक्यातच आले नाही. पाय अधू, म्हणून मुलगा पडतो. सरळ गणित!

हे गणित चुकले आहे, असे आम्हांला दाखवले ते गावातल्या एका सुतारकाकांनी. काका बेने इस्रायल. कुलाबा जिल्ह्यात या लोकांना पूर्वी शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा ते शनिवारी बंद ठेवीत. आडनावे आमच्यासारखीच गावावरून, बोली आमचीच, बायकांची लुगडी आमचीच. पनवेलचे त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. पण काका त्याला ‘मशीद’च म्हणायचे. लहानपणी मला त्याचा फार घोटाळा वाटे.

भावाची शाळा सुटली, कारण पुढचे वर्ग माडीवर भरत. १९६४ साली, सोळाव्या वर्षी, तो ओटीवर बसून रस्ता बघत असे. एके दिवशी काका वडिलांकडे आले.

“मास्तर, याला माझ्याकडे पाठवा. पॉलिशला माणूस हवाय.”

“अहो, तुमचं मन मोठं आहे. पण दयेपोटी उगीच…”

“दया कसली? याचे हात बघितलेत का तुम्ही कधी?”

आम्ही खरेच बघितले नव्हते. आम्ही सगळे पायच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पोचवायला गेलो, तर काका करवत घेऊन सुतारशाळेचा उंबरा कापत बसलेले! मी विचारले, तर मान वर न करता म्हणाले, “पाय नवा बसवता येत नाही मला. उंबरा काढता येतो.” मग त्यांनी भावाच्या उंचीला बेतून एक ठेंगणे बाक केले. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत हिशेबाने मजुरी हातात पडे. कारण पुढे शब्बाथ, आणि कामकऱ्याचा पैसा अडवून ठेवणे त्यांच्या धर्माला मंजूर नाही. पहिल्या मजुरीचे पेढे आईने देवापुढे ठेवले. उंबऱ्यालाही हळदकुंकू वाहिले, हे ओघानेच आले.

पुढे काका सहकुटुंब इस्रायलला गेले. जाताना रंधा, पटाशा, गिरमिट भावाच्या हवाली केले. त्या हत्यारांवर त्याने तसबिरींच्या चौकटी करण्याचे दुकान थाटले आणि चाळीस वर्षे चालवले.

ज्यूंच्या धर्मग्रंथात आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, अशी स्पष्ट आज्ञा आहे, हे मी फार उशिरा वाचले. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या पंडिताने तर दानाच्या आठ पायऱ्या लावून दिल्या. कुरकुरत देणारा सर्वांत खाली. आणि सर्वांत वर तो, जो माणसाला काम देतो, कर्ज देतो, भागीदारीत घेतो, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. काकांनी मायमोनिडीस वाचला असेल, असे मला वाटत नाही.

याच समाजाच्या दुसऱ्या टोकाला डेव्हिड ससून. बगदादहून आलेला हा धनाढ्य व्यापारी. बगदादी शेठ आणि कोकणातले बेने इस्रायल यांच्यात सख्य बेताचेच. शेठ मंडळी यांना जरा अंतरावरच ठेवीत. आणि ससूनांच्या पैशात चीनच्या अफूचा पैसाही होता, हेही लपवण्यात अर्थ नाही. आगगाडीच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचे म्हणजे मचव्याने पनवेल बंदर आणि पुढे बोरघाट. तेव्हा असल्या शेठजींच्या पालख्या आमच्याच गावावरून गेल्या असतील. १८६७ साली उभे राहिलेले ससून रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे. पण नव्या पेठेतला ‘निवारा’? पुणेकर तिथे सभांना जातात. संस्थेचे मूळ नाव मात्र डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. ससून १८६४ मध्ये वारले, लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी त्या काळी जातपात न बघता छप्पर घालणे ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही त्या नावापाशी मी अडखळतो. अनाथ आणि पंगू! शेठजींनी घर बांधले. काकांनी उंबरा काढला. जगभरच्या ज्यू दात्यांनाही हा प्रवास करावा लागला. ‘जॉइंट’ या अमेरिकन ज्यू संस्थेने १९४९ साली इस्रायलमध्ये वृद्ध, आजारी आणि अपंग निर्वासितांसाठी ‘मालबेन’ नावाने घरे आणि रुग्णालये काढली. त्याच संस्थेने २००९ मध्ये सरकार आणि बोस्टनचे रुडरमन कुटुंब यांच्या भागीदारीत काम आरंभले, ते अपंगांनी चारचौघांत, आपापल्या घरी राहावे म्हणून. साठ वर्षे लागली. आपल्याकडे १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. पण कचेरीच्या पायऱ्या कायदा वाचत नाहीत.

हे सगळे आता लिहायला बसलो, त्याला कारण घडले. गेल्या वर्षी वहिनी गेल्या. भाऊ सत्याहत्तरीचा, एकटा. मुलांनी माझ्यादेखत विषय काढला, की काकांना एखाद्या चांगल्या आश्रमात ठेवू या. हेतू वाईट नव्हता. भाऊ ऐकून घेत होता. मग म्हणाला, “ठेवू या म्हणजे? मी काय कपाट आहे?”

तो आता आमच्या ब्लॉकमध्ये राहायला येतो आहे. बिल्डरने न्हाणीघराच्या दाराशी चार बोटे उंचीचा संगमरवरी उंबरा बसवला आहे. तेवीस वर्षे मी तो रोज ओलांडत होतो, दिसला आत्ता. भाऊबीज झाली की फरशीवाला येणार आहे. बाहेरच्या दाराचाही काढा, असे मी सांगितले, तर सूनबाई म्हणाल्या, “मग रांगोळी कुठं काढायची?” भावाने खिशातून पेन्सिल काढली, कानाला लावली आणि दाराचे माप घ्यायला खाली बसला.